वैद्याकडं न्या, हे मी म्हणाले

तुझा पाय मोडला तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं.

आवाज मैदानाच्या कडेपर्यंत आला होता, वाळकी तुराटी मोडावी तसा. तू पडलास, उठायला गेलास, आणि डावा पाय नडगीच्या मध्ये, जिथं वाकायला नको तिथं, वाकला. आप्पा दोरीखालून आत धावले. मी जागची हलले नाही. मनात आलं, बरं झालं, आता हा कुठं जात नाही. हे आधी आलं, मग रडू आलं. रडताना मला सगळ्यांनी बघितलं. आधीचं कुणी बघितलं नाही.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले, गौतम. क्लबची पोरं तुझ्यावर पुस्तिका काढणार आहेत. "आक्का, तुम्ही पण चार ओळी द्या, त्यांच्या लहानपणाच्या," असं म्हणून गेली. तुझ्या लहानपणाच्या चार ओळी माझ्या लहानपणातून काढाव्या लागतात, हे त्या पोरांना कुठलं माहीत असायला?

मला तुझा हेवा वाटायचा, आणि तो तुझ्या नावापासूनचा. मी जन्मले तेव्हा आपलं घर जुन्या रीतीचं होतं, म्हणून मी शेवंता. पुढं आप्पांनी दीक्षा घेतली आणि मग तू झालास, म्हणून तू गौतम. नाव ठेवताना आप्पांनी निपाणीत सगळ्या गल्लीला साखर वाटली. मी चार वर्षांची. म्हणाले, "आप्पा, माजं बी नाव बदला की." आप्पा म्हणाले, "शाळंत घालताना बगू." शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, आणि आप्पांनी शेवंताच सांगितलं. विसरले ते. मी नाही विसरले.

चौथीत असताना शाळेत पळण्याची शर्यत झाली. मी पहिली आले, पोरांनाही मागं टाकून. कंपासपेटी मिळाली. मास्तर आप्पांना म्हणाले, "ही पोर वाऱ्यागत पळते, हिला पुढं शिकवा." त्याच वर्षी आई गेली. मी दहाची, तू सहाचा. आप्पा शिक्षणाला लई मानायचे, सभेत उठून बोलायचे. तरी शाळा सुटली ती माझी. "शेवंते, ह्याच्याकडं बगाय कोन हाय?" म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तंबाखूच्या वखारीत चाळायला जाऊ लागले. नाकातोंडावर पदर, आणि दिवसभर ती धूळ. तू पाचवीत गेलास तेव्हा माझी कंपासपेटी तुला दिली. तू महिन्याभरात त्यातला कर्कटक हरवलास.

पहिला बॉल तुला मी करून दिला हे तरी तू कुणाला सांगितलंस का? चिंध्यांचा गोळा, वर बारदान आणि सुतळीची शिवण. रविवारी वखारीच्या खळ्यात आपण दोघंच खेळायचो. मी तुझ्याकडून बॉल काढून घ्यायची आणि तुला तो परत मिळायचा नाही. तू रडायचास. "आक्का लबाडी करतीया" म्हणायचास. लबाडी काही नव्हती, मी तुझ्यापेक्षा जोरात पळत होते. मग मी तेराची झाले आणि आप्पा म्हणाले, "आता बास, मोठी झालीस." तेव्हापासून मी खळ्याच्या कडेला बसून बघायची. तू पळत सुटायचास आणि माझे पाय बसल्याजागी हलायचे.

ड्रिलच्या मास्तरांनी तुला चामड्याचा फुटबॉल दिला, त्यांनीच बेळगावच्या क्लबात नेलं. शनिवारी दुपारच्या एसटीनं तू जायचास, रविवारी परत यायचास. तुझे कपडे मी धुवायची. आपली माती काळी, बेळगावची लाल. ती लाल माती कितीही घासली तरी शिवणीत राहायची. मी बेळगाव बघितलं नव्हतं. बेळगावची माती मात्र दर सोमवारी माझ्या नखांत असायची.

तू विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळत, खेळायचास. पेपरात एकदा छापून आलं होतं की हा पोरगा वाऱ्यासारखा धावतो. मला वाचता येत होतं. मास्तर माझ्याबद्दल जे बोलले होते, तेच तुझ्याबद्दल पेपरात आलं होतं. मी तो पेपर चुलीत घातला. तू दोन दिवस शोधत होतास. "उंदरानं न्हेला असंल," म्हणाले मी.

पाय मोडला त्या दिवशी मी पहिल्यांदा बेळगावला आले. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. बंगळूरच्या मोठ्या कारखान्याची माणसं मॅच बघायला येणार होती. त्यांचा स्वतःचा संघ होता, आणि चांगल्या खेळाडूला ते नोकरीवर घ्यायचे. एसटीत तू खिडकीला बसलास. मी भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन तुझ्या शेजारी.

"आक्का, आज जमलं तर बंगळूर. खोली देत्यात, पगार देत्यात, आनि वर म्हंत्यात खेळ! असली नोकरी कुटं असती व्हय?"

"आनि आमी?"

"तुमी काय, हितंच की."

तुझ्या मनात काही वाईट नव्हतं. तू खिडकीबाहेर बघत होतास, तोंडावर वारा घेत. पण 'हितंच की' हे दोन शब्द मी मॅच सुरू होईपर्यंत चावत होते. दुसऱ्या हाफात तू मोडलास.

आता जे लिहिते ते नीट वाच.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात आप्पा, मी आणि डॉक्टर उभे होतो. तू आत होतास, इंजेक्शन दिल्यामुळं गुंगीत. डॉक्टर तरुण होते, कन्नड बोलणारे. आमच्यासाठी सावकाश मराठीत सांगत होते. म्हणाले, "हाड दोन ठिकाणी तुटलं आहे. ऑपरेशन करून आत सळई घालावी लागेल. दोन महिने इथं राहावं लागेल."

आप्पांनी विचारलं, "परत पळंल काय ह्यो?"

"खात्री देत नाही मी. पण हाड सरळ जुळलं तर पळेल."

आप्पा माझ्याकडं वळले. "डाक्टर शिकल्याला मानूस हाय, शेवंते. ठेवूया न्हवं?"

आप्पांना ठेवायचं होतं. हे लक्षात घे. आप्पांना तुला तिथं ठेवायचं होतं.

मी म्हणाले, "वैद्याकडं न्या."

"आगं, पर..."

"दोन म्हैने हितं ऱ्हानार कोन? तुमी हमाली सोडताय का मी वखार सोडू? बायजाचा हात वैद्यानंच बसवला न्हवं? वैद्य म्हंजे काय देवरुषी न्हाय. कामट्या बांदल्या की दीड म्हैन्यात चालतोय मानूस."

"पर ह्येला पळाय पायजे, पोरी."

"आदी चालू दे की."

आप्पांनी मान खाली घातली. आईच्या मागं घरातला शब्द माझाच होता. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, मग एक कागद पुढं केला, स्वतःच्या मर्जीनं नेत आहोत असा. सही आप्पांनी केली. मोठ्या अक्षरात, सावकाश, आप्पा करायचे तशी. त्या सहीमुळं ते आप्पांनी ठरवलं असं झालं.

मी जे बोलले त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आपल्याकडं हात मोडला, पाय मोडला तर सगळे वैद्याकडंच जायचे. बायजा आपल्या शेजारची, तिचा हात खरंच सरळ जुळला होता. निपाणीत कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. पण बायजाला त्या हातानं भाकरी थापायची होती, आणि तुला त्या पायानं पळायचं होतं. यातला फरक आप्पांना अर्धामुर्धा कळत होता. मला पुरता कळत होता. त्या व्हरांड्यात पळणं म्हणजे काय हे माहीत असलेली मी एकटी होते.

वखारीची लॉरी माल टाकून रिकामी परत निघाली होती, तिच्यात तुला बारदानावर घातलं. संकेश्वरच्या पुढं तू शुद्धीवर आलास.

"कुटं चाललोय आक्का?"

"घरी."

"दवाखाना?"

"झाला."

रस्त्यात खड्डा आला की माझा हात दाताखाली धरायचास. मी काढून घेतला नाही.

वैद्य म्हातारा शेतकरी होता. हात धुतले, डोळे मिटले आणि बोटांनी तुझी नडगी चाचपली. तू ओरडलास तरी त्याचे डोळे उघडले नाहीत. मग म्हणाला, "हाड दोन जाग्याला हाय. चालीवतो मी ह्येला. पळीवतो असं म्हननार न्हाय." प्रामाणिक माणूस होता. अंड्याचा पांढरा बलक, उडदाचं पीठ, वर कळकाच्या कामट्या आणि काळं फडकं. एक नारळ घेतला, दुसरं काही नाही. त्याला दोष देऊ नको. जे जमत नाही ते त्यानं तोंडावर सांगितलं होतं.

आणि आता दुसरं. दवाखान्यात तुझ्याजवळ राहायला मला वखारीतून सुटी मिळणार नव्हती ना? घरी तुझ्या उशाशी बसायला मिळाली. पंचेचाळीस दिवस. मुकादमाला मी एकदा सांगितलं, तो हो म्हणाला. संपलं. हे तुझ्याही लक्षात आलं असेल, तू काही खुळा नव्हतास. पण तू कधी विचारलं नाहीस.

ते पंचेचाळीस दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. तू पडलेला, मी उठलेली. तुला पाणी पाहिजे तर मी, कूस बदलायची तर मी. बायजा दारात येऊन म्हणायची, "शेवंते, भाऊ पडलाय का तुजं लगीन ठरलंय गं? लई उजळलीस." आणि तू अंथरुणातून, "मी मोडलो तवापासनं हिला भाकरी ग्वाड लागाय लागलीया बायजाक्का." सगळे हसलो. मी पण हसले, आणि चुलीकडं तोंड फिरवलं.

तुझी खाट दारासमोर होती. गल्लीतली पोरं समोर खेळायची आणि तू पडल्यापडल्या ओरडायचास, "आरं डावीकडं दे, डावीकडं! मोकळा हाय न्हवं त्यो!" दिवसभर तेच. मला वाटायचं, बिचारा, स्वतःला खेळता येत नाही म्हणून दुसऱ्यांवर ओरडतोय. मला तुझी कीव यायची, आणि कीव आली की बरं वाटायचं. तू तिथं काय शिकत होतास ते मला दोन वर्षांनी कळलं.

कामट्या सुटल्या. पाय बोटभर आखूड, आणि पंजा जरा बाहेर वळलेला. एका संध्याकाळी तू खळ्यात जाऊन पळून बघितलंस. मी वखारीच्या दाराआडून बघत होते. चार पावलं पळलास, पडलास, उठलास, परत चार पावलं. तिसऱ्यांदा पडल्यावर बसून राहिलास आणि मला हाक मारलीस, "आक्का, पानी आन गं." मी दाराआड आहे हे तुला माहीत होतं. पाणी पिऊन तांब्या परत दिलास. रडला असतास तर बरं झालं असतं.

मला वाटलं, आता हा वखारीत येईल. आप्पांच्या जोडीला पोती उचलेल. एका घरात एकाच धुळीत सगळे राहू. हे मला हवं होतं. तुझं वाईट व्हावं असं नव्हतं, गौतम. तुझं माझ्याइतकंच व्हावं, एवढंच.

तू परत शनिवारची एसटी धरलीस. "काय करतोस तितं जाऊन, लंगडत?" मी विचारलं. म्हणालास, "उभा ऱ्हातोय." विंग सुटली होती. तू मध्ये उभा राहायला लागलास, हाफ म्हणून. दोन वर्षांनी आप्पांनी हट्टानं मला मॅचला नेलं. मी मोजून बघत होते की तू किती पळतोस. पळतच नव्हतास. बॉल यायच्या आधी एकदा डावीकडं मान, एकदा उजवीकडं, आणि बॉल आला की लगेच जिथं पाहिजे तिथं सोडलेला. सगळे धावत होते आणि मध्ये तू, बाजारात कुणाची वाट बघत उभा राहिल्यासारखा.

माझ्या मागं दोघं बसले होते. एक म्हणाला, "ह्यो लंगडा कोन रं?" दुसरा म्हणाला, "गप्प बग जरा. ह्यो पळत न्हाय, धा जनास्नी पळीवतोय."

मला पहिल्याला मागं वळून थोबाडीत मारावीशी वाटली. आणि दुसऱ्याला पण.

बंगळूरच्या कारखान्यानं तुला शेवटी नेलंच. त्याच लंगड्या पायासकट. तू ट्रंक घेऊन निघालास तेव्हा आप्पा लहान पोरासारखे नाचत होते. मी तुला दहीभात बांधून दिला आणि आत जाऊन बसले. माझ्या एका शब्दानं तुझा पाय वाकडा झाला, आणि त्या वाकड्या पायावर तू मला सोडून गेलास. माझ्या हातात काय राहिलं? चाळणी.

सात-आठ वर्षं तू तिथं खेळलास. सहा नंबरचा शर्ट. एवढ्या वर्षांत गोल दोनच. गोल मारायचे दुसरे, फोटो यायचे दुसऱ्यांचे, आणि तू पत्रात लिहायचास की मॅच चांगली झाली. मी म्हणायची, "गोल न्हाय मारत तर तुला ठेवलंय कशाला?" तू रजेवर आल्यावर जेवणाच्या ताटात भाताचे ढीग मांडून मला समजावायचास, हा फॉरवर्ड, हा बॅक, हा मी. मला सगळं समजत होतं. तुझ्या आधी समजत होतं. पण मी मुद्दाम म्हणायची, "भात गार व्हतोय, खा."

आणि मग तो जपान्या. त्याचं नाव तू चांगलं दहादा सांगितलंस, माझ्या जिभेला वळलं नाही, आणि वळवायचंही नव्हतं. जपानचा एक संघ बंगळूरला खेळायला आला होता. त्यांचा मधला गडी तुला अडवायला दिला होता. तू त्याला अडवलंस की त्यानं तुला, यावर तू स्वतःशीच वाद घालायचास. मॅच झाल्यावर तुम्ही शर्ट बदलले. तो निळा शर्ट तू घरी आणलास आणि मला म्हणालास, "धुवू नको आक्का." इतकी वर्षं तुझे शर्ट धुतले मी, आणि त्या परक्या माणसाच्या घामाला पाणी लावायचं नाही!

दर जानेवारीत त्याचं कार्ड यायचं. तू इंग्रजी वाचून मराठीत सांगायचास. त्याचा गुडघा कधी दुखावला, त्याला कप्तान कधी केलं, त्याला मुलगी कधी झाली, सगळं तुला पाठ. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं झालं ते सांग म्हटलं तर तू चाचरला असतास.

"ह्येला खेळायचाच पगार देत्यात काय?" मी एकदा विचारलं.

"न्हाय गं. सकाळी कारखान्यात कामाला जातोय, दुपारनं खेळतोय. माज्यासारखंच."

"मग त्याचं एवडं कवतिक कशाला?"

"त्याचे दोनी पाय सारके हाईत आक्का," तू म्हणालास आणि हसलास. मी नाही हसले. तू माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलंस असं मला वाटलं. वाटलं, म्हणजे खात्री नाही. तीच खात्री मला पुढं कधी करून घेता आली नाही.

आप्पा गेले आणि तू बेळगावात बदली घेतलीस. तुझा खेळ तेव्हा संपत आला होता. खासबागेत घर घेतलंस आणि मला घेऊन आलास. तोवर तुझं लग्न झालं होतं, आणि तुझ्या बायकोनं एका शब्दानं कुरकुर केली नाही, हे इथं लिहिते, कारण तिला मी तोंडावर कधी सांगितलं नाही. वखारीची धूळ सुटली, खोकला अर्धा झाला. पुढच्या खोलीची खिडकी मला दिलीस. हे सगळं तू केलंस. ज्या बाईनं तुला लॉरीत घातलं, तिला तू खिडकी दिलीस. मला त्याचाही राग आला. इतकं चांगलं असायची तुला काय गरज होती?

त्या घरात आल्यावर पहिल्या-दुसऱ्या वर्षीची गोष्ट. जानेवारीचं कार्ड आलं. तू उभ्यानं वाचलंस आणि खुर्चीवर बसलास.

"काय झालं? मेला काय त्यो?"

"न्हाय. त्यानं कारखान्याचं काम सोडलं. आता त्याला नुसतं खेळायचाच पगार. बाकी काय करायचंच न्हाय."

तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते, तू समोर येऊन बसलास आणि पायाकडं बघत म्हणालास, "आक्का, ह्यो पाय सरळ असता तर..." आणि थांबलास.

तुला कुणाचा तरी हेवा वाटतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तुझा चेहरा तसाच झाला होता जसा माझा होत असणार. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. ये बाबा, बस माझ्या शेजारी, असं वाटलं. आणि त्याच वेळी कळलं की आता सांगायचं. आत्ता नाही तर कधी नाही. तोंड उघडलं होतं मी. सांगायचं होतं की आप्पांना तुला दवाखान्यात ठेवायचं होतं, नको मी म्हणाले, आणि का म्हणाले ते.

म्हणाले काय? "मेथी जून हाय, निवडाय लाग."

तू निवडायला लागलास. झालं.

पुढं तू पोरांना शिकवायला लागलास आणि तुझी गोष्ट तयार झाली. प्रत्येक नव्या पोराला तू ती सांगायचास, मी खिडकीतून ऐकायची. "माझा पाय मोडला, आप्पांनी मला वैद्याकडं नेलं, पाय वाकडा जुळला, म्हणून मी हाफ झालो, नाहीतर दहा विंगवाल्यांतला एक राहिलो असतो." पोरं टाळ्या वाजवायची. एकदा मी आतून ओरडले, "आप्पांनी न्हाय न्हेलं!" तू म्हणालास, "मग कुनी न्हेलं आक्का, सही कुनाची हाय?" पोरं हसली. यावर आपला वाद कधी पुरा झाला नाही. तुला खरंच माहीत नव्हतं, का तू मला त्या गोष्टीतून हातानं धरून बाहेर ठेवत होतास? बाहेर ठेवत असशील तर ते तुझं मोठेपण. पण मला मोठेपण नको होतं. मी तुझ्या आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली, वाईट का होईना, आणि ती पण तू आप्पांच्या नावावर टाकलीस. पहिला बॉल मी शिवला, तो ड्रिलच्या मास्तरांच्या नावावर गेला. पाय मी वाकडा केला, तो आप्पांच्या. मी कुठं आहे तुझ्या गोष्टीत? दहीभात बांधून देणारी.

मला पश्चात्ताप आहे का, असं कुणी विचारेल. आहे. रोज आहे. सरळ पायावर तू किती लांब गेला असतास ते कुणाला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं माझ्यामुळं आहे. तू म्हणायचास ते खरं असेल, कदाचित वाकड्या पायानंच तुला खेळ कळला. पण ते मी तुझ्यासाठी केलेलं नव्हतं. चांगलं निघालं म्हणून ते चांगलं होत नाही. अलीकडं पोरी पण यायच्या तुझ्याकडं शिकायला, बूट घालून. तू मला खुर्ची टाकून द्यायचास आणि सर्वांत जोरात पळणाऱ्या पोरीकडं बोट दाखवून विचारायचास, "कशी हाय गं?" मी म्हणायची, "बरी हाय. मी हिला हरवलं असतं." तू म्हणायचास, "व्हय, हरवलं असतंस." चेष्टा न करता म्हणायचास. त्याबद्दल तुझे उपकार मानते. बाकी कशाबद्दल मानायचे ते नीट ठरवता आलेलं नाही.

परवा तुझी शोकसभा झाली. मैदानाच्या कडेला मंडप होता. म्हातारे खेळाडू एकेक उठून बोलले. पाय मोडला त्या दिवशी तुला उचलून नेणारे चौघं होते, असं मला आठवतं. परवा नऊ जणांनी सांगितलं की गौतमला मी उचललं. एकानं तर दवाखान्यातली गोष्ट सांगितली, आप्पा डॉक्टरांना कसं ठामपणे म्हणाले की आम्ही वैद्याकडं नेणार, आणि दैवानं कसा हिरा घडवला. लोकांनी माना हलवल्या. तो माणूस त्या दिवशी दवाखान्यात आलाच नव्हता. व्हरांड्यात आम्ही तिघंच होतो आणि आत तू. आप्पांना जाऊन पस्तीस वर्षं होऊन गेली. ते डॉक्टरही, मागं कुणीतरी सांगितलं, हुबळीकडं वारले. तू गेलास. मी आहे.